लागली का?

आमच्या चाकण-मोशीच्या पट्ट्यात नशिबाचा सगळा कारभार चिठ्ठीवर चालतो. भिशी चिठ्ठीनं, म्हाडाचं घर चिठ्ठीनं, महापालिकेनं चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी आणि रावेतला काढलेली पंतप्रधान आवास योजनेची घरं सोडतीनं. कोणता प्रभाग महिलांसाठी राखीव होणार आणि कोणत्या भाऊंना ऐनवेळी वहिनींना उभं करावं लागणार, हेही सोडतच ठरवते. चाकणच्या पुढं बैलगाड्याच्या घाटात गेलात, तर कुणाचा गाडा कितव्या नंबरला जुंपायचा याचीही चिठ्ठी निघते. अशा मुलखात पोराचा शाळाप्रवेश तेवढा सरळ मार्गानं झाला असता तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असतं. सरकारनं ती गैरसोय होऊ दिली नाही.

वर्षाच्या सुरुवातीला मोशी, चिखली, तळवडे, रुपीनगर, तिकडं कुरुळी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, सगळीकडं एकच प्रश्न कानावर येतो: "लागली का?" काय लागली, ते सांगावं लागत नाही. नोकरी म्हणावी तर ती इथं कॉन्ट्रॅक्टवर दर सहा-सात महिन्यांनी लागते आणि सुटते, तिचं कुणाला अप्रूप नाही. ही लॉटरी आरटीईची. शिक्षणहक्काचा कायदा २००९चा, अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी (तारीख बघून कुणी हसू नये). विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना फुकट द्यायच्या, असं त्यात लिहिलं आहे. शाळावाले सुप्रीम कोर्टात गेले, एप्रिल २०१२मध्ये कोर्टानं कायदा उचलून धरला आणि तेव्हापासून महाराष्ट्रातले आईबाप संगणकाच्या सोडतीकडं डोळे लावून बसलेत. २०२५-२६ या वर्षासाठी राज्यात जागा होत्या साधारण १ लाख ९ हजार आणि अर्ज आले ३ लाखांच्या वर. म्हणजे तीन पोरांपैकी एकाचं भलं होणार, उरलेली दोघं प्रतीक्षा यादी आणि देवाच्या भरवशावर.

माझा या सगळ्याशी संबंध एवढाच, की माझ्याकडं प्रिंटर आहे. मोशीसारख्या भागात घरात चालू स्थितीतला प्रिंटर असणं हे एक सार्वजनिक पद आहे. त्याला मानधन नसतं, पण मान असतो. एरवी "ओ काका, गाडी जरा पुढं घ्या" म्हणणारी माणसं फेब्रुवारीत चपला दाराबाहेर काढून येतात.

असंच एक जोडपं मागच्या खोल्यांमधून आलं. मूळचं नांदेडकडचं. तो महाळुंग्याला एका कंपनीत प्रेस शॉपला, तिसरी पाळी उरकून थेट आलेला, डोळे लाल. ती घरी बसून वायर हार्नेसच्या टेपिंगचं काम करते. बरोबर पाच वर्षांचा चिरंजीव आणि एक बटणाची प्लास्टिक फाइल. त्या फाइलीबद्दल मला आदर आहे. आरटीईची फाइल हा या पट्ट्यातला सर्वात नीट ठेवलेला दस्तऐवज असावा. जन्मदाखला लॅमिनेट केलेला, आधार लॅमिनेट केलेलं, जातीचा दाखला तीन झेरॉक्ससह, लसीकरणाचं कार्ड (कुणी मागितलं नव्हतं, पण असू द्यावं) आणि सगळ्यांत खाली, देव्हाऱ्यातल्या टाकासारखा जपलेला, नोंदणीकृत भाडेकरार. हा कागद मिळवणं हीच निम्मी लॉटरी. इथले खोलीमालक भाडं रोख घेतात, डिपॉझिट रोख घेतात, पाण्याच्या टँकरचे वेगळे घेतात, पण करार म्हटलं की त्यांना एकदम संन्यास आठवतो. "कशाला करारबिरार, आपण घरचेच ना?" घरचेच असतो तर भाडं कशाला, हे विचारायचं नसतं.

मग आला फुगा.

ज्यांनी हा अर्ज भरला नाही, त्यांना फुग्याचं महत्त्व कळणार नाही. अर्जात गुगलचा नकाशा उघडतो आणि त्यावर एक लाल फुगा असतो. तो उचलून आपल्या घरावर ठेवायचा. घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या शाळांना पहिला मान, मग एक ते तीन किलोमीटरच्या. शाळा जास्तीत जास्त दहा निवडायच्या. आणि फुगाही पाचदाच हलवता येतो, सहाव्यांदा तो हट्ट धरून बसतो. सरकारनं ही मर्यादा घातली त्यामागं अनुभव असणार. कारण फुगा घरावर ठेवायचा असतो हे ज्ञान होताच प्रत्येक बापाच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप येतो: तो घराच्या किती शेजारी ठेवला तर चालेल?

"काका, जरासा उजवीकडं घ्या."

"उजवीकडं तुमचं घर नाहीये. तिथं भंगारचं गोडाऊन आहे."

"हां, पण आमचे पाहुणे राहतात तिथं."

"गोडाऊनमध्ये?"

"वॉचमन आहेत."

ज्या शाळेसाठी हा खटाटोप चालला होता, ती फुग्यापासून एक किलोमीटर आणि वर थोडे मीटर येत होती. चाकण-मोशीत शाळेच्या नावात 'ग्लोबल', 'वर्ल्ड' किंवा 'इंटरनॅशनल' यांपैकी एक असावंच लागतं. या शाळेच्या एका बाजूला ज्वारीचं रान आणि दुसऱ्या बाजूला ट्रकचं वजन करणारा धरमकाटा, पण नाव ऐकलं तर जिनिव्हात असल्याचा भास व्हावा. नवरा-बायकोत हळू आवाजात चर्चा झाली. शेवटी ती म्हणाली, "काका, राहू द्या घरावरच. उद्या पडताळणीला गेलं न् पकडलं तर हातची जाईल." मला हायसं वाटलं. तो मात्र अजून नकाशाकडंच बघत होता. पुढं त्यानं जे विचारलं ते मी इतर वर्षीही ऐकलं आहे. "यात मधी नदी-बिदी धरतात का?" त्याचं बरोबर होतं. सरळ रेषेत मोजलं की इंद्रायणी आडवी येत नाही, रेल्वेचे रूळ नाहीत, पुणे-नाशिक हायवे नाही. चाकणला तळेगाव चौकात सकाळच्या शिफ्टला सापडलेल्या माणसाला एक किलोमीटर म्हणजे काय, हे कुणी नकाशा काढून सांगू नये.

त्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्याचं निघालं नाही, कारण वंचित गटात मोडणाऱ्यांना उत्पन्नाची अट नाही. पण खुल्या प्रवर्गातला कुणी आला की खरी करमणूक. दुर्बल घटक म्हणायला वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं. भागिलं बारा केलं की महिन्याचे ८,३३३ रुपये. या पैशांत चाकणला खोलीचं भाडं, लाइटबिल आणि गॅस देऊन माणूस जगत असेल, तर त्याच्या मुलाला शाळेत घालण्याआधी त्याला अर्थमंत्री करायला हवं. आणि तरीही तहसीलदारांच्या सहीचे ९६ हजारांचे दाखले घेऊन माणसं हजर असतात. बाहेर मोटरसायकल लावलेली, हातात मोठा फोन, आणि दाखल्यात महिना आठ हजार. मी काही बोलत नाही. प्रिंटरवाल्यानं प्रिंट काढावी.

सोडत झाली की मेसेज येतो, आणि केवळ मेसेजवर विसंबून राहू नका असंही सरकारच बजावतं. दोन्ही खरं आहे. कारण अर्जात दिलेला नंबर बहुधा अशा सिमचा असतो ज्याचा रिचार्ज जानेवारीत संपला. मग भल्या सकाळी दारात उभं राहून, "काका, तेवढं साइटवर बघता का, लागली का?" लागली असेल तर पेढे. नसेल तर, "बघा ना नीट, आमच्याच नावाचा दुसरा कुणी असंल."

आता २०२४ची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात आपल्या सगळ्यांचं पितळ उघडं पडलं. ९ फेब्रुवारी २०२४ला सरकारनं नियम बदलला. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांच्या भानगडीतून सूट. मुलानं त्या शेजारच्या शाळेतच जावं. सरकारचं म्हणणं वरवर पाहता काही वाईट नव्हतं: दारात शाळा आहे, जा की. एका फटक्यात योजनेतल्या शाळा ७६ हजारांच्या घरात गेल्या आणि जागा झाल्या पावणेनऊ लाखांहून जास्त. इतक्या जागा महाराष्ट्रानं कधी पाहिल्या नव्हत्या. अर्ज किती आले? सत्तर हजारही नाहीत.

त्या साली माझ्या प्रिंटरची शाई वाळून गेली. लोक यायचे, यादी उघडायचे, आणि यादीत पहिल्या नंबरवर दिसायची कोणती शाळा, तर जी त्यांच्या खिडकीतून दिसते ती. "काका, इथं जायला अर्ज कशाला लागतो?" हा प्रश्न एका रिक्षावाल्यानं मला विचारला आणि मला त्यावर आजही उत्तर सापडलेलं नाही. झेडपीच्या आणि महापालिकेच्या शाळेत जायला अर्ज, लॉटरी, फुगा, काहीच लागत नाही. जून महिन्यात मुलाचं बोट धरून जायचं. सरकारनं उघड्या दाराला कुलूप लावून त्याच्या किल्लीसाठी सोडत काढायचं ठरवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं ६ मेला या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलैला तो रद्दच केला, आणि ते योग्यच झालं. कायद्यानं गरिबाच्या पोराला दिलेली जागा सूट म्हणून परत घ्यायची, हे कुठल्या शेजारधर्मात बसत नाही. खासगी शाळांचे दरवाजे पुन्हा उघडताच अर्ज दोन लाखांच्या वर गेले. चपला पुन्हा माझ्या दाराबाहेर.

कोर्टाचं कोर्टापाशी. मला गंमत वाटते ती आमची. शाळा तीच, मास्तर तेच, पण तिच्यापुढं रांग नाही म्हटल्यावर आम्हाला ती शाळाच दिसत नाही. चिंचवडात दोन मिसळवाले समोरासमोर असतील, एकाकडं रांग आणि दुसऱ्याकडं रिकामी टेबलं, तर भुकेला माणूस मुकाट्यानं रांगेत जाऊन उभा राहतो. रिकाम्या टेबलावरची मिसळ त्यानं चाखलेलीच नसते. शाळेचंही तसंच. तीनशे लोकांना नाकारणारी शाळा ती चांगली. सगळ्यांना घेणारी शाळा संशयास्पद.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. न्यूयॉर्कमध्ये आठवीतली मुलं सरकारी हायस्कुलासाठी पसंत्या लिहून देतात. कुणाला कुठं टाकायचं याचं गणित ज्यांनी बसवून दिलं, त्यांतल्या ॲल्विन रॉथ यांना २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढं करूनही जागा अपुऱ्या पडल्या की तिथंही सोडतच. प्रत्येक मुलाला आकडे-अक्षरांचा ३२ घरांचा एक नंबर मिळतो, आणि तिथले आईबाप त्याच्या पहिल्या घरावरून मुलाचं भवितव्य सांगतात. शून्याजवळचा आकडा आला तर गुरू उच्चीचा, शेवटचं अक्षर आलं तर साडेसाती. मला हे वाचून फार बरं वाटलं. नोबेल मिळालं म्हणून पत्रिका सुटत नाही.

आणि शेजारच्या शाळेची कल्पना तरी परकी कुठं आहे? कोठारी आयोगानं १९६६च्या अहवालात ती मांडली. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्याचे. वस्तीतली सगळी मुलं, श्रीमंताची आणि गरिबाची, वस्तीतल्या एकाच शाळेत जावीत, म्हणजे ती शाळा चांगली ठेवणं श्रीमंतालाही भाग पडेल, असा साधा हिशेब. आमच्या पट्ट्यात तो करायचा म्हटला तर प्लँटचा मॅनेजर आणि प्रेस शॉपचा हेल्पर यांची मुलं एका बाकावर यायला हवीत. पण मॅनेजर चाकणला फक्त नोकरीला येतो. राहतो बाणेरला. त्याची वस्ती आणि हेल्परची वस्ती यांत फुगा पाचदा हलवला तरी गाठ पडत नाही.

बरं, लागली तर पुढं काय? फी माफ, हे खरं. सरकार शाळेला प्रत्येक मुलामागं वर्षाला कमाल १७,६७० रुपये देतं, म्हणजे देणार असतं. संस्थाचालकांना विचारा, थकबाकी या एका विषयावर ते अख्खी पालकसभा काढू शकतात. आमच्या भागातल्या एका शाळेनं मग आपल्यापुरता तोडगा काढला: फी नाही, पण 'ॲक्टिव्हिटी'चे पैसे आहेत. ॲक्टिव्हिटी म्हणजे काय, तर बुधवारी पिवळे कपडे घालून यायचं. आमच्या मागच्या खोल्यांमधल्या एका आजीनं या पिवळ्या कपड्यांसाठी हळदीत भिजवलेला बनियन पाठवला आणि नातू वर्गात पहिला आला. रंगात.

खरी मेख मात्र आठवीनंतर आहे. कायदा चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंतच बोलतो. नववीच्या उंबऱ्यावर तो गप्प होतो. आठ वर्षं 'गुड मॉर्निंग मॅम' म्हणत वाढलेला पोरगा आठवीचा निकाल घेऊन घरी येतो, त्याच्याबरोबर नववीच्या फीचं पत्रक येतं, आणि बाप ते पत्रक माझ्याकडं घेऊन येतो. मला वाटतं प्रिंट काढायची असेल. तो म्हणतो, "काका, शून्य एक जास्त पडलाय का बघा." जास्त पडलेला नसतो.

मग मुलगा परत येतो. ज्या महापालिकेच्या विद्यालयाच्या भिंतीपाशी त्याची स्कूल व्हॅन आठ वर्षं वळायची, त्याच विद्यालयात. आमच्या मागच्या खोल्यांमधला असा एक परतलेला मी रोज बघतो. पहिल्या आठवड्यात त्याचा चेहरा सासरहून परत पाठवलेल्या मुलीचा होता. वर्गात जाताना "मे आय कम इन, सर?" म्हणाला आणि पन्नास पोरं एकदम "येस, येस, कम!" ओरडली. दोन महिन्यांत त्याचं मराठी सुधारलं, शिव्यांसकट. गणिताच्या सरांनी त्याला इंग्रजी पारिभाषिक शब्दांचा मुनीम नेमला: 'त्रिज्या' म्हणताच त्यानं 'रेडियस' म्हणायचं. प्रयोगशाळेत त्याला पहिल्यांदा स्वतःच्या हातानं ॲसिड ओतायला मिळालं. आधीच्या शाळेत प्रयोग मॅम करायच्या आणि मुलं फोटोत असायची. आणि सर्वांत मोठी गोष्ट, शाळा घरापासून सात मिनिटांवर. तो दुपारी जेवायला घरी येतो. आईनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात थोडी लाजही होती. "लॉटरी लागली तेव्हा पेढे वाटलेते ओ. आता कसं सांगायचं लोकांना, की इथंच बरा आहे?"

दहावीनंतर तो पुन्हा एका यादीत जाईल, ते वेगळं. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २०२५पासून अख्ख्या राज्याला लागू झाला, पसंत्या पुन्हा दहाच, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी, ती साइट जी झोपली ती पुढच्या आठवड्यात उठली. तिथं निदान मार्कांवर ठरतं, असं म्हणतात.

आता कुणी म्हणेल, सरकारी शाळेपुढं रांग लागलेली कधी पाहिली आहे का? पाहिली आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात. शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळ वाबळेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा दत्तात्रय वारे गुरुजींनी आणि गावकऱ्यांनी अशी उभी केली, की झेडपीच्या शाळेला प्रवेशाची प्रतीक्षा यादी लागली. पुढं गुरुजींवर आरोप झाले, निलंबन झालं, आणि मग त्यांची बदली झाली ती आमच्या चाकणच्याच खेड तालुक्यात, जालिंदरनगरच्या शाळेत, जिथं पोरं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. तिथंही त्यांनी तेच केलं. मोठी मुलं लहानांना शिकवतात, गाव श्रमदान करतं. २०२५मध्ये लंडनच्या टी फोर एज्युकेशन संस्थेच्या जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर मिळणारा पुरस्कार जालिंदरनगरला मिळाला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू: तिथं ॲडमिशन कशी मिळते? कुणाची ओळख आहे का? मोशीहून व्हॅन जाते का? माझ्या खिडकीतून महापालिकेची शाळा दिसते. तिच्याबद्दल त्या ग्रुपवर आजवर एकच मेसेज आलेला आहे, आणि तो प्रार्थनेच्या वेळी लाउडस्पीकर मोठा असतो याबद्दल होता.

गेल्या जूनमध्ये त्या परतलेल्या मुलाची आई धाकटीला घेऊन आली. हातात तशीच बटणाची फाइल.

"काका, हिचा अर्ज भरायचाय. आरटीई नको आता. दादाच्या आवारातच छोट्यांची शाळा आहे ना, तिथं."

"भरायचं काही नाही ताई. उद्या सकाळी जा, नाव घाला."

"नाव घाला म्हंजे? ऑनलाइन कुठं?"

"ऑनलाइन नाही. ऑफिसात. जन्मदाखला आणि आधार न्या."

"नंबर कधी लागणार?"

"लागलेलाच आहे. घेतात सगळ्यांना."

तिनं धाकटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग प्रिंटरकडं.

"सगळ्यांना घेतात?" आवाजात पहिल्यांदाच खरी काळजी. "अंतर नाही बघत?"

"नाही."

"भाडेकरार?"

"नाही लागत."

थोडा वेळ ती उभी राहिली. मग फाइल उघडून भाडेकरार बाहेर काढला आणि म्हणाली, "तरीपण याची एक रंगीत कॉपी काढून द्या काका. रिकाम्या हातानं गेलं तर त्यांना वाटायचं, आपल्याला गरजच नाही."